अनुदान पडल्यावरही फिरून येणारे साहेब

दौलतराव झाडे साहेबायची अन् माही पहिली भेट झाली तेव्हा मी विहिरीत होतो अन् ते वर होते. देवळीच्या रस्त्यावर एका वावरात विहिरीचं बांधकाम चालू होतं. वरून कोणीतरी वाकून इचारलं, "मिस्त्री, घुमट बांधता येते का?" मले वाटलं देवळाचं काम आहे. मी खालूनच वरडलो, "पह्यले हे खालचं होऊ द्या, मंग वरचं पाहू."

वर आलो तं पंचायत समितीचे विस्तार अधिकारी निघाले. सायकल बाभळीले लावून काडीनं मातीत चित्र काढून राह्यले होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यावर इटायचा घुमट, एका अंगानं शेण-पाणी आत जाईन, दुसऱ्या अंगानं मळी बाहेर येईन, वरच्या नळीतून गॅस थेट चुलीवर. मी म्हणलं, "साहेब, शेणावर चहा होते हे मले पटत नाई." ते म्हणे, "पटू नका देऊ. बांधून पाहा."

तेव्हापासून मी त्यायच्यासंगं गावोगाव घुमट बांधले. मी सातवी नापास माणूस. सत्काराच्या कमिटीनं सांगतलं, साहेबायचा गौरवग्रंथ आहे, भाषा जरा चांगली ठेवजा. मले ते 'थोर व्यक्तिमत्त्व' वगैरे जमत नाई. जे पाह्यलं ते सांगतो.

नव्या पोरायले माहीत नसन म्हणून सांगतो. गोबरगॅस बांधला का सरकार अनुदान देत होतं. घुमट उभा राह्यला, घरधन्यासंगं फोटो निघाला, कागदावर सही झाली, का काम संपलं. बाकी ठिकाणी असंच चाले. घुमट बांधून, फोटो काढून, त्यात जनावरायचं कुटार भरून ठेवणारे मी डोळ्यानं पाह्यले आहेत. झाडे साहेबायचं तसं नोयतं. घरच्या बाईनं त्या गॅसवर चहा केल्याशिवाय ते सही करत नोयते. पेटला नाई तं सही नाई. चहा घ्यायचे ते कोणाच्याही घरी, वस्ती कोणती ते इचारत नोयते. लोक मागून म्हणत, "झाडे साहेब चहाचे भुकेले आहेत, दोन कप पाजा, काम होते." साहेबायनं ते ऐकलं होतं. मले म्हणत, "म्हणू दे किसना. चहा उकळला म्हणजे गॅस आहे, एवढं मले समजते."

मार्च आला का वरून दट्ट्या येत. इतके घुमट दाखवा म्हणजे दाखवा. एका सालात वरच्या साहेबानं न पेटलेले घुमट पेटले म्हणून लिहाले सांगतलं. झाडे साहेब म्हणे, "मी चहा पेला नाई, कसं लिहू?" सगळे हासले. जूनमधी त्यायची बदली आर्वीकडं झाली. पोरीची शाळा, घर, सगळं इथं. ते गेले. रविवारी मात्र बसनं येत अन् जुने घुमट पाहून जात. अनुदान पडल्यावर कोण अधिकारी फिरून येते? हे येत. नळी गंजली का, बर्नर बुजला का, थंडीत गॅस कमी पडते तं शेण कोमट पाण्यात कालवा, हे बाईले सांगत बसत. मले खूप वेळा कंटाळा येई. मी म्हणो, "साहेब, आता त्यायचं ते पाहतीन." ते ऐकत नोयते.

आमच्या गावातला पह्यला घुमट शांताबाई कोल्हेच्या घरचा. शांताबाई तेव्हा नवी सून होती. घुमटाले संडास जोडला तं अनुदान जास्त भेटे, म्हणून नवऱ्यानं जोडला. साहेब चहा पिऊन गेले अन् सासूबाईनं दुसऱ्याच दिवशी संडासच्या नळीत पोतं कोंबलं. घाणीच्या जाळावर देवाचा निवद? नाई म्हणजे नाई. आजूबाजूच्या दोन घरीही तेच झालं. साहेब फिरून आले तेव्हा सापडलं. मले वाटलं आता अनुदानाचा कागद फाडतीन. ते सासूबाईपाशी ओट्यावर बसले.

"आजी, देवाचा निवद कोणत्या चुलीवर?"

"मातीच्या. दुसऱ्या कोणत्या?"

"बराबर आहे. तो तिथंच करा. पोटाले लागते ते याच्यावर करा. देवाची चूल मी मोडाले नाई आलो."

म्हातारीनं त्यायच्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "मंग पोतं काढतो. पण तुमी तिकडं पाहू नका." साहेब खरंच तोंड फिरवून बसले. त्या घरात दोन चुली चालल्या अन् घुमटही चालला. ही रीत मंग त्यायनं सगळीकडं सांगतली.

माही बायको सेवाग्रामले दवाखान्यात भरती होती तेव्हा साहेब संध्याकाळी डब्बा घेऊन येत. समजवाले येणारे ढिगानं होते. 'देवाची मर्जी' म्हणत अन् जात. साहेब बाकड्यावर गप बसत. बायको गेली त्या दिवशीही तसेच बसले होते. त्यायच्याबद्दल माह्या मनात जे आहे त्यातलं बरंचसं त्या बाकड्यावरचं आहे.

आता अलीकडचं. ते लिहाले जड जाते, पण ते सोडून लिहिलं तं हा लेख खोटा होईन.

बैल गेले, टॅक्टर आले. शेण उरलं नाई. सिलिंडर दारात येते. गावातले घुमट एकेक करून बंद पडले. उरला एक, शांताबाईचा. सासू गेली, नवरा गेला, शांताबाई एका गाईवर घुमट चालवत राह्यली. मळी खत म्हणून वांग्याले अन् सांबाराले, म्हणजे कोथिंबिरीले, टाके अन् माल देवळीच्या बजारात इके. साहेब रिटायर होऊन कितीक वर्ष झाले, तरी गावात आले का पह्यले तिच्या घरी.

यंदा पावसाळ्यात तिचा घुमट गळाले लागला. नळीही गेली. साहेब पंचायत समितीच्या कचेरीत गेले. जिथं एका काळी त्यायची खुर्ची होती तिथं आता बाकड्यावर बसले. मी संगं होतो. तिथला पोरगा चांगला होता, उठून उभा राह्यला. म्हणे, "काका, दुरुस्तीले अनुदानच नाई. पोर्टलवर तसा पर्यायच नाई."

"मंग नवा बांधून द्या तिले."

"तिच्या नावावर एक आहे ना काका. एका घरी दोनदा भेटत नाई."

"तो बंद आहे."

"कागदावर चालू आहे. तुमचीच सही आहे."

साहेब उठले. सही खरी होती, चहाही खरा होता. बसस्टँडपर्यंत आम्ही पायी आलो. त्यायले दम लागून राह्यला होता. मी म्हणलं, "सोडा अनुदान. गळती मी बुजवतो. आत उतरणं जमत नाई, पण पोराकडून गिलावा करून घेतो."

झाकण काढून, मळी उपसून घुमट उघडा ठेवला. आत वास अन् हवा भरलेली राह्यते, माणूस उतरला तं मरते. म्हणून साहेब खुर्ची टाकून तिथं दिवसभर बसत. शेळी आली तं हाकलत, पोट्टे आले तं हाकलत. पंचाहत्तर वर्षाचे साहेब, दम्याचा तरास, अन् हातात काडी. लोक जाता-येता टोमणे मारत, "साहेब, राखण कायची करून राह्यले, सोन्याची का?" साहेब म्हणत, "तुही राखण. तू पडू नये म्हणून."

हवा निघाली, माह्या पोरानं आत उतरून मी सांगतलं तसा गिलावा केला, नवी नळी बसली. आता शेण भरायचं. साहेबायनं शेणासाठी चार घरी सांगून ठेवलं होतं. अन् शांताबाई दारात उभी राहून रडाले लागली.

साहेब म्हणे, "काय झालं शांताबाई?"

"साहेब, मी गाय इकून राह्यली."

मी चिडलो. म्हणलं, "बाई, हे पह्यले काऊन नाई सांगतलं? म्हातारे माणसं मरमर मरून राह्यले इथं!"

"कशी सांगू मिस्त्री? हे इतके हिंडून राह्यले, माह्या तोंडातून शब्द निघेना. डॉक्टरनं कंबरेचं सांगतलं, शेणाचं टोपलं उचलू नका. पोरगा पिपरी मेघेले न्याले येऊन राह्यला. तिथं गाय कुठी बांधू?"

मले वाटलं आता ते तिले समजवतीन, एखाद्याले शेण टाकाले लावतीन. अख्खी नोकरी त्यायनं तेच केलं होतं. जिल्ह्यात त्यायच्या हातचा पेटता असलेला हा एकच उरला होता, हे त्यायलेही माहीत होतं, तिलेही.

साहेब म्हणे, "ईक. अन् चांगल्या घरी दे, खाटकाले नको देऊ. तू पोराकडं जाय."

"तुमाले राग नाई आला साहेब?"

"घुमट तुह्यासाठी होता बाई. तू घुमटासाठी नोयती."

मंग माह्याकडं वळून म्हणे, "किसना, घर बंद राहीन. उघडा खड्डा ठेवू नको. बुजव."

मी बांधलेला घुमट मीच फोडला. साहेब खुर्चीवर बसून होते, शेवटचं घमेलं पडेपर्यंत उठले नाई. चेहरा पाहवत नोयता. घरी जाताना माह्या खांद्यावर हात ठेवून चालले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माह्या दारात हजर. म्हणे, "गावातले बाकीचे बंद घुमट कोणी पाह्यले? झाकणं सडले आहेत. एखादं लेकरू पडन." त्या दिवसापासून आम्ही घरोघर जाऊन राह्यलो. काई लोक हो म्हणतात, काई म्हणतात नंतर पाहू. बांधाले अनुदान होतं, बुजवाले काईच नाई. साहेब तरी जातात. एक झाला का दुसऱ्या गावचं नाव घेतात.

तुमी सगळे त्यायच्या सत्कारासाठी जमले, चांगलं आहे. शाली आणसान, आणा. पण ज्यायच्या वाड्यात, वावरात असा जुना खड्डा आहे, त्यायनं पह्यले तो बुजवा अन् मंग सभेले या. साहेबायचं एक हेलपाटं वाचन.

देवानं त्यायचा दमा हलका करावा, गुडघे चालते ठेवावे अन् आयुष्य लांबवावं. गावं लय उरले आहेत, अन् हे सगळे पाहून झाल्याशिवाय हा माणूस घरी बसणार नाई.