मामाजींचा टेकायचा खांब

स्वतःचं घर विकत विकत त्याच घरात राहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि नेमके ते माझे सासरे, आमचे मामाजी, निघाले. हिवरखेडला त्यांची लाकडाची वखार होती. खाली वखार, वर माडी, आणि माडीवर घरजावई म्हणून मी. घरजावयाला मान नसला तरी डोक्यावर पक्कं छप्पर असतं म्हणतात; माझ्या नशिबी तेही नव्हतं. कारण ओलं लाकूड गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, असा मामाजींचा दंडक. मेळघाटातून आलेलं सागवान दोन-तीन उन्हाळे सावलीत पडू द्यायचं, मगच हात लावायचा. तोवर कोणी अडलेला माणूस आला, तर आमच्या इमारतीचाच एखादा वाळलेला खांब काढून त्याला द्यायचा आणि त्या जागी ओला सोट उभा करायचा. "वाळते तो इथं उभ्या उभ्या," म्हणायचे, "खांबाले काय, कुठं तरी उभंच राहाचं हाय."

देण्याआधी प्रश्न मात्र ठरलेला: "कायले पायजे?" विहिरीचा रहाट, देवळाची चौकट, लेकराचा पाळणा असं काही उत्तर आलं की माडीवर मी भिंत धरून बसायचो. कापसाचं गोदाम म्हणणाऱ्याला पाणी पाजून वाटेला लावत. एकदा मी जेवत असताना ताटातली कढी आपण होऊन भिंतीकडे निघाली. खाली देवळासाठी खांब निघत होता. मी वरून चौकशी केली, तर जवाईबापूंनी जरा डावीकडं सरकून जेवावं, असा निरोप आला. मी सरकलोही. असं आमचं घर गावभर पसरलं होतं; कुठंही पाहुणा गेलो तरी आढ्याकडे बघून मला आपल्याच घरी आल्यासारखं वाटायचं.

एक खांब तेवढा त्यांनी कोणालाच दिला नाही. त्यांच्या गादीमागचा. त्यांच्या वडिलांनी वखार उभी केली तेव्हाचा, दोन पिढ्यांच्या पाठी घासून काळा तुळतुळीत झालेला. कोणी मागितलाच तर म्हणायचे, त्याले मी टेकतो.

अशात तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला तिथला कापूस मिळेना, आणि इकडं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो शेठ झाला. सरकी कोणती आणि रुई कोणती हे ज्याला बायकोनं शिकवलं, तो मी अकोल्याच्या बाजारात उभा राहून लोकांना विलायतेचे भाव सांगू लागलो. पागोट्याला चिकटलेला कापूस मुद्दाम झटकत नसे. तिथल्याच एका शेठला हिवरखेडला गोदाम घालायचं होतं, आणि आमची वखार नेमकी बाजाराच्या तोंडाशी. मी त्याला जबान देऊन मोकळा झालो. सासऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय लागतं!

पुढं धोंड्याचा महिना आला. पुरणाचे धोंडे पोटभर खाऊ घालून, अनारशांचं ताट हाती देऊन मामाजींनी रीतीप्रमाणे विचारलं, जावयाला काय देऊ? मी म्हणालो, वखार. बायको वाढता वाढता थांबली. तिला सातवा महिना होता. मामाजी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"धोंड्याच्या महिन्यात जवायाले नाही म्हणत नसतात," ते म्हणाले. "घ्या."

दुसऱ्या दिवसापासून ते गादीवर बसेनात. सकाळी दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "जवाईबापू, बसू का?" मी बसा म्हणेपर्यंत बसायचे नाहीत, आणि बसले तरी गिऱ्हाइकाच्या बाकावर. गादीवर मी, पाठीला तो तुळतुळीत खांब, आणि जगात इतकी बोचणारी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. बायको तर माझ्याशी वाढण्यापुरतंच बोलायची.

शेठ सौद्यासाठी यायचा होता त्या सकाळी मामाजी दारात आले, पण बसू का विचारलं नाही.

"तुमच्या वखारीतला एक खांब पायजे होता," ते म्हणाले आणि माझ्या पाठीमागं बोट दाखवलं.

मी मालक. विचारणं भागच होतं. "कायले पायजे?"

"पाळण्याले. ओल्या लाकडात तुमचं लेकरू निजवू काय?"

मी गादीवरून उठलो. पागोटं काढून ठेवलं आणि सुताराला बोलवायला मीच गेलो. तो खांब निघाला तशी माडी अशी कलली की शेठनं उंबऱ्यातूनच हात जोडले. पुढं लढाई मिटली, भाव कोसळला, आणि लोक म्हणाले, जावई मोठा धोरणी, वेळेवर सौदा मोडला. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

मामाजींना मी हात धरून गादीवर बसवलं. पण मागं आता ओला सोट होता. "ओल्या लाकडाले टेकलं का वाकते ते," म्हणून म्हातारा शेवटपर्यंत ताठ बसला. पाठ दुखायची, रात्री त्यांची लेक, माझी बायको, तेल चोळायची. पण टेकला नाही.

आता ते नाहीत. पाळणा माडीवर आहे. त्यातली पोर नांदायला गेली. सोट कधीच वाळला, त्याचा खांब झाला, आणि गादीवर मी बसतो. टेकायला काही हरकत नाही. पण पाठ मागं नेली की वाटतं, आता दारातून विचारतील, जवाईबापू, बसू का? आणि मी आपला जरा डावीकडं सरकून बसतो.