खंडेनवमीचा फ्रीजर

बंद पडलेल्या फ्रीजरला मी हार घातला होता, असली मी शहाणी! झेंडूचा वास आला की अजून अंगावर काटा येतो. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी नवीनच कामाला लागले होते. आईचा कॅन्सर लेकीत उतरतो का, हे शोधायला मायलेकींच्या रक्ताचे नमुने त्या फ्रीजरात जपले होते. सरकार बदललं, निधी अडकला, वीजबिल थकलं आणि सुट्टीत आमच्या मजल्याची वीज तोडली गेली. खंडेनवमीला मी दिव्याचं बटणही न दाबता अंधारातच यंत्राला कुंकू लावलं. रोजची घरघर ऐकू येईना, तर म्हटलं, पूजा पावली! तेवढ्यात फ्रीजरच्या दाराखालून कोमट, तांबूस पाणी सरपटत माझ्या पायाशी आलं. नमुने देणाऱ्यांपैकी पेठ वडगावच्या एका लेकीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "माझं रगात पुन्यांदा घ्या की, बाई. आई उन्हाळ्यात वारली, तिचं कुठनं आणशीला?"