परी कुठे जाते

पायाला ओढणी बांधलेली होती. तिचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. सात वर्षांची परी खाली बसून टाचेनं जमीन घासत होती. मी आल्याचं तिला काहीच वाटलं नाही.

मी विशेष शिक्षिका आहे. शाळेत न येऊ शकणाऱ्या मुलांच्या घरी जाते. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या पुढे परीचं घर आहे. परीला ऑटिझम आहे. म्हणजे तिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. ती बोलत नाही, आवाज तिला आपल्यापेक्षा मोठे लागतात आणि मनातलं कसं सांगायचं ते तिला कळत नाही. हा तिचा हट्ट नाही.

तिची आई सुनीता माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोनदा विहिरीपाशी सापडली, मॅडम. मले वावरात जा लागते. मामाजींच्यानं पळवत नाही. बांधू नाही तं काय करू?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे. ते दारात मान खाली घालून बसले होते.

मी ऑफिसात साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मुलीला बांधून ठेवतात, रिपोर्ट करा. मी आठ दिवस मागितले.

"आणि आठ दिवसांत मुलगी विहिरीत गेली तर?"

"रोज दुपारी मी स्वतः तिथे थांबेन," मी म्हटलं. ते म्हणाले, रोज फोन करायचा.

ते आठ दिवस दुपारी घरी थांबायचं सुनीतानं कबूल केलं. मग आम्ही ओढणी सोडली आणि परी काय करते ते बघत बसलो. चारला शेतीची लाईन, म्हणजे पंपांची वीज, आली. लांब कुठेतरी मोटर सुरू झाली. आम्हाला तो आवाज जेमतेम ऐकू आला, परी मात्र उठली. आम्ही दोघी दहा पावलं मागे. ती सरळ शेजारच्या वावरात गेली आणि पाइपातून हौदात पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली. मी आल्यापासून ती इतकी शांत झाली नव्हती. विहीर बाजूलाच होती, बिनकठड्याची. परीनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"पाण्यासाठी येते व्हय," सुनीता म्हणाली आणि बांधावरच बसली.

दुसऱ्या दिवशी मी टब नेला. पुठ्ठ्यावर तीन फोटो चिकटवले: जेवण, पाणी, झोप. अशा मुलांना पुढे काय होणार ते आधी दाखवलं की घाबरणं कमी होतं. चारला पाण्याचा फोटो दाखवून भरलेल्या टबाजवळ नेलं. परीनं टब उलटा केला आणि तासभर रडली. तीन दिवस हेच. साहेबांना रोज सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं.

पाचव्या दिवशी सुनीतानं तेलाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडलं, पाणी भरून तो अंगणातल्या कडुलिंबाला टांगला. धार पडली. परी आली आणि तिनं हात धरला. तिला पडणारं पाणी हवं होतं. मी साचलेलं दिलं होतं.

बाकीची कामं सोपी होती. दाराला वर कडी आणि खाली घुंगरू. फ्रॉकच्या आतून फोन नंबर शिवला. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, की ही एकटी दिसली तर ओरडू नका, हात धरून घरी आणा. मामाजींनी वावरवाल्याला गाठून विहिरीवर जाळी टाकून घेतली. आठव्या दिवशी मी साहेबांना कळवलं, आता ओढणी बांधत नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत परी एकदा निसटली. किराणावाल्या काकूंनी तिला परत आणलं.

त्यानंतर महिन्याभरानं सुनीताचा फोन आला. परीनं स्वतः पाण्याचा फोटो पुठ्ठ्यावरून सोडवून तिच्या हातात दिला होता. "मागतलं तिनं, मॅडम," ती म्हणाली. 

मूल पळतं असं सांगणाऱ्या प्रत्येक आईला मी आता आधी विचारते, कुठे जातं? बहुतेकींना माहीत नसतं. मलाही सुचलं नव्हतं ते विचारायचं, आणि माझ्याकडे तर डिप्लोमा होता.