बगलेतला निळा दिवा

माझ्या धाकट्या साळ्याइतका प्रेमळ माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या सबंध जंगलपट्ट्यात दुसरा नसेल. फक्त त्याचं प्रेम नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर आहे, आणि असे काही लाख जीव मी मे महिन्यातल्या एका दुपारी आमरसाच्या पातेल्याशेजारी, फ्रिजात नेऊन ठेवले. हेतू चांगला होता. माझ्या सगळ्या चुकांमागे तो असतोच.

साळा नागपुरात प्रयोगशाळेत असतो. जिवंत पेशीच्या आत काय चाललंय हे दाखवणारी आणि तिला कामाला लावणारी अवजारं तो बनवतो. ही अवजारं रेणूएवढी, त्यामुळे हा बारा वर्षं काय करतो हे सासरच्या कोणालाही दाखवता आलेलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "भाऊजी, वाघाले कॉलर लावते का नाई? वाघाले मारत नाई, पिंजऱ्यात टाकत नाई, तरी कुठी फिरून राह्यला ते समजते. मी पेशीले कॉलर लावतो. वरून लगामबी लावतो." वाघाचं उदाहरण देणाऱ्या या माणसाला आम्ही मोहर्लीच्या गेटातून सफारीला नेलं, तर पाणवठ्यावर खरोखरची वाघीण आली, जिप्सीतल्या सगळ्यांचे श्वास थांबले, आणि हा पाठ फिरवून डबक्यातल्या हिरव्या तवंगाकडे बघत राहिला. त्याचा लगाम उजेडाने ओढला जातो, आणि त्यातला उजेड ओळखणारा तुकडा म्हणे मुळात शेवाळातला. "बाई, शेवाळ पाय ना!" हे तो माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, इतक्या जोरात म्हणाला की वाघीण उठून गेली. साळा आमच्या घरी आला की जेवायला बसण्याआधी नागपूरला फोन करून "मंडळी जेवली का?" विचारतो. ही मंडळी म्हणजे पेशी. हातांना स्पिरिट चोळतो, ताटाच्या कडेला चोळतो, एकदा पाया पडणाऱ्या नव्या जावयाच्या हातांनाही चोळलं.

पण त्या दुपारी त्याने आणलेली पेशींची नळी वेगळी होती. माझ्या मुलीला सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या पेशी मधूनच विळ्यासारख्या वाकड्या होतात, आणि मग हातपाय असे दुखतात की घर जागं राहतं. लहानपणापासून सुया टोचून घेऊन कंटाळलेल्या या पोरीकडे मामाने गेल्या वर्षी एकदाच रक्त मागितलं होतं. "एकच डाव. मंग माह्यासाठी तुले कधीच सुई नाई," असा शब्द देऊन. त्या रक्तातून त्याने पेशी वाढवल्या, त्यांत आपला लगाम बसवला. बाकीच्या नळ्या बुरशीने गेल्या. ही एक उरली, तिच्यातल्या पेशीही गोठवून साठा ठेवण्याइतक्या अजून वाढल्या नव्हत्या. ती घेऊन तो गडचिरोलीच्या प्रयोगशाळेत निघाला होता आणि वाटेत आमच्याकडे जेवायला थांबला.

तो आंघोळीला गेला, वीज गेली, आणि अंगाएवढी ऊब राखणारा, चार्जिंगला लावलेला त्याचा बॅटरीचा डबा कोकलायला लागला. मला वाटलं, बिचारे भाजून निघताहेत, म्हणून नळी काढून फ्रिजात ठेवली. तासाभराने, जेवणं उरकल्यावर, मी हे कौतुकाने सांगितलं. साळ्याने फ्रिज उघडला, नळी काढली, सदऱ्यात हात घालून बगलेत धरली आणि तिथेच जमिनीवर बसला.

"मी पोरीले शब्द देल्ला होता, बाई," एवढंच म्हणाला.

मेल्या की जगल्या, हे कळायला एकच उपाय होता. नळीला छोटा निळा दिवा बांधायचा. तो लुकलुकला की पेशींना हुकूम मिळतो, आणि जिवंत पेशी तो मानून काही तासांत आपल्या अंगात हिरवा उजेड तयार करते. मेलेली मानत नाही. डबा बंद पडलेला, घराची भट्टी झालेली. नेमकी ऊब मिळण्याची जागा माणसाची बगल. गुन्हेगार म्हणून ती माझी ठरली.

तर मी खुर्चीत, हात अंगाशी घट्ट, आणि बनियनमधून निळा उजेड लुकलुकतोय. शेजारचे भाऊ विजेची चौकशी करायला आले.

"भाऊ, तुमच्या बगलेत लाईट आहे. आमच्या घरी काऊन नाई?"

"हलू नका भाऊजी," साळा मागून म्हणाला. मला हसूही आलं नाही. पुन्हा ती सुई, पुन्हा पोरीने भिंतीकडे वळवलेलं तोंड, एवढंच समोर दिसत होतं.

संध्याकाळी बघायचं ठरलं. तो हिरवा उजेड दिसायला काळोख हवा, आणि घरात काळोखाची जागा नाही. म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात आम्ही चौघं एका रजईखाली शिरलो. साळ्याने नळी धरली, निळा उजेड अडवणारी नारिंगी काच मुलीच्या डोळ्यांपुढे केली आणि निळा दिवा लावला.

"मामा, हिरवं दिसून राह्यलं."

"नीट पाय."

"हिरवंच आहे ना! ह्या खरंच माह्याच का? मी तं तुझं कधी आयकत नाई."

साळा हसला की रडला ते रजईत कळलं नाही. आम्ही सगळेच ओले होतो. बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि दोन तांबे पाणी प्यायलो. साळ्याने "यातून औषध निंगायले लय वर्षं लागतीन, बाई," असं बहिणीला पुन्हा बजावलं, नळी स्वतःच्या बगलेत घेतली आणि गडचिरोलीच्या बसमध्ये एका हाताने चढला.

बस वळेपर्यंत बायको स्टँडवरच उभी होती. मग म्हणाली, "इतके वर्षं पोरीचं रक्त जसं म्हणे तसंच आपण वागलो. पाणी पाज, उन्हात नको नेऊ, आता दवाखान्यात पय. आज पहिल्यांदा त्या रक्तानं कोणाचं तरी आयकलं."