दोन खोल्या, दहा चपात्या

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत मला गणितात पंचवीसपैकी सहा गुण मिळाले. पास व्हायला नऊ लागत होते. सोमवारी पेपर वाटले गेले आणि त्याच दुपारी कॉलेजच्या कार्यालयातून एक अर्ज हातात आला. गणित सोडून भूगोल घेण्याचा. तो पालकांच्या सहीने शनिवारी चारपर्यंत द्यायचा होता.

गणिताच्या मॅडमनी नापास झालेल्यांना एक संधी दिली. शुक्रवारी फक्त मॅट्रिक्सवर पुन्हा चाचणी घ्यायची आणि त्यात पास होईल त्याचं गणित ठेवायचं. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. भूगोल घेतला असता तर ते तिथेच संपलं असतं.

मॅट्रिक्स म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे. आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ. बेरीज मला पहिल्याच दिवशी आली, कारण ती मी घरी रोज करत होते. भरे गावात आमच्या घरामागे दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणारे तिथे राहतात आणि आई त्यांना डबे देते. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने काढलेले दोन तक्ते असत, सकाळचा आणि संध्याकाळचा. ओळीत खोली, स्तंभात डबा लहान की मोठा. दिवसाचे डबे काढायचे तर एका तक्त्याचा चौकोन दुसऱ्याच्या त्याच चौकोनात मिळवायचा. सातवीपासून हे काम माझ्याकडे होतं.

म्हणून गुणाकारही मी तसाच केला. चौकोनाला चौकोन. पेपरातली चारही उदाहरणं त्यामुळे चुकली.

मॅडमनी फळ्यावर रीत पुन्हा दाखवली. पहिल्याची ओळ घ्या, दुसऱ्याचा स्तंभ घ्या, जोडीने गुणा, मग बेरीज करा.

"पण असं का, मॅडम?" मी विचारलं.

"आधी हात बसू दे. मग का ते कळेल."

गुरुवारपर्यंत हात बसला नव्हता. सकाळी सव्वापाचला आई चपात्या लाटत होती. मी अर्जाच्या कोऱ्या बाजूवर उदाहरणं सोडवत खाली बसले होते.

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पयल्या खोलीला किती लागतील, सांग. दोन लहान डबे, एक मोठा."

लहान डब्यात तीन चपात्या आणि एक भाकरी, मोठ्यात चार चपात्या आणि दोन भाकऱ्या. खोलीला डबे किती याचा एक तक्ता आणि डब्यात चपात्या-भाकऱ्या किती याचा दुसरा, असे मी कागदावर शेजारी मांडले, चौकोनाला चौकोन गुणला आणि उत्तर दिलं, "सहा चपात्या, एक भाकरी."

लाटणं थांबलं. "तिघांत एक भाकरी? खोली सोडून जातील की गं ते!"

"मग किती?"

"दोन लहानाच्या सहा, एका मोठ्याच्या चार. झाल्या दहा. खोली आडवी वाच, चपाती उभी वाच. जोडीला जोड लाव न् बेरीज कर. त्यात काय हाय एवढं?"

मी डावं बोट खोलीच्या ओळीवर ठेवलं, उजवं चपातीच्या स्तंभावर. दोन त्रिक सहा, एक चोक चार. दहा. भाकरीच्या स्तंभावर गेले, चार आल्या. दुसऱ्या खोलीला एक लहान, तीन मोठे. पंधरा चपात्या, सात भाकऱ्या. मी उठून उभी राहिले.

"आई, हेच! अगं, कॉलेजात हेच चाललंय!"

"व्हय का? मग तिकडं सरकून नाच. तवा तापलाय."

मी मनाने तिसरी खोली बांधली. तिला दोन मोठे डबे, लहान एकही नाही. आता एका तक्त्यात तीन ओळी होत्या, दुसऱ्यात दोनच. चौकोनावर चौकोन बसत नव्हता, तरी उत्तर आलं. आठ चपात्या, चार भाकऱ्या. मग पुन्हा दोनच खोल्या ठेवून तक्त्यांची अदलाबदल केली. डबे आधी, खोल्या नंतर. पहिला आकडा सात आला.

"सात काय?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

तिने वाकून कागद पाहिला. "चपातीला ही खोली लावलीस, भाकरीला ती. कुनाच्या ताटात वाढायचे गं हे सात?"

सहा वाजायच्या आत मी पुस्तकातली नऊ उदाहरणं सोडवली. नऊही बरोबर आली. तोवर डबे भरायचे राहिले होते. पहिल्या खोलीतले तिघे दारात येऊन उभे होते.

शुक्रवारच्या चाचणीत शेवटचा प्रश्न होता: दोन मॅट्रिक्सची अदलाबदल केली तर गुणाकार तोच राहतो का? कारण द्या. मी 'नाही' लिहिलं आणि खाली खोल्या, डबे व ते सात मांडले.

शनिवारी सकाळी मॅडमनी वर्गात पेपर वर धरला. "या पेपरात चपात्या कुठून आल्या?"

"घरून, मॅडम."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "उदाहरण बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि तेच फळ्यावर लिहायला लागल्या.

पंचवीसपैकी एकवीस गुण होते. चार वाजता कार्यालयाची खिडकी बंद झाली. अर्ज घरी पिठाच्या डब्यावर होता. त्याच्या एका बाजूला दहा, चार, पंधरा, सात लिहिलेले होते. दुसऱ्या बाजूला पालकांच्या सहीची जागा रिकामी होती.