बिनखड्ड्यांचा रस्ता

ऐंशीचं दशक सरता सरता आमच्या बांधकाम खात्याच्या उस्मानाबादच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली. तोवर कुठल्या रस्त्याला डांबर द्यायचं हे मोठे साहेब ठरवायचे. त्यांच्याशी भांडता तरी यायचं. आता प्रत्येक इंजिनिअरनं आपल्या रस्त्याचे खड्डे, भेगा मोजून द्यायच्या आणि कॉम्प्युटर नंबर लावणार. रस्ता जितका वाईट, तितका नंबर वर.

माझ्याकडं लोहारा-माकणी रस्ता होता. दुष्काळात रोजगार हमीवर बायाबापड्यांनी खडी फोडून केलेला. त्यावर पुढं डांबराचा एक पातळ थर बसला आणि तो मी जिवापाड जपला. खड्डा दिसला की मैलकुली, म्हणजे रस्त्यावरचे आमचे कायमचे मजूर, लगेच भरून मोकळे. पण तो थर आता फार दिवस टिकणार नव्हता. नव्या, जाड थराची मी चातकासारखी वाट बघत होतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा रस्ता माझ्या दोस्ताकडं होता. आम्ही एका वर्गात शिकलो, बरोबरच नोकरीला लागलो. हा गडी रस्त्यावर कमी आणि चहाच्या हॉटेलात जास्त. त्याच्या रस्त्यावर एसटीत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. यादी निघाली तेव्हा त्याचा रस्ता पहिला, माझा शेवटचा.

"तुझ्या रस्त्याला काय झालंय रं? चांगला ठणठणीत हाय की," असं म्हणून त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा मला गिळवेना.

त्याच्या कामाला माझाच रोलर नेला, तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला. काम संपल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ती थाप माझ्या हक्काची होती. परत येताना एखादा तरी उंचवटा सापडावा म्हणून मी त्या नव्या रस्त्यावरून मोटरसायकल मुद्दाम हळू चालवली. एकही सापडला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझ्या रस्त्यावर वळणालाच खड्डा पडला. मैलकुलींचा म्हातारा मुकादम म्हणाला, "साहेब, मोजणी होस्तवर ऱ्हाऊ द्या तसाच. आपलाबी नंबर लागंल." माझ्या मनातही तेच घोळत होतं. आणखी दोन-चार पडले तर बरंच, असंही वाटत होतं.

तेवढ्यात समोरून एसटी आली, माणसांनी खचाखच भरलेली. दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर ड्रायव्हरनं वळणाआधीच वेग कमी केला असता. हा भरधाव येत होता. या रस्त्यावर खड्डा असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी हातवारे करत मधे धावलो. गाडी करकचून थांबली ती अगदी खड्ड्याच्या तोंडाशी.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, तुमच्या रस्त्यावर खड्डा?"

मुकादमाला मी तिथंच, त्याच घटकेला, तो भरायला लावला. मोजणीत माझे खड्डे शून्य, यादीत नंबर पुन्हा शेवटचा.

दोस्ताला पुढं बढती मिळाली. वाशीकडं जायची वेळ आली की मी एसटीत डोळे गच्च मिटून घेतो. पण गाडीला जराही हादरा बसत नाही, हे डोळे मिटूनही कळतंच.