खुणेच्या अलीकडे

तिला सगळे हळूताई म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल.

गेली तेवीस वर्षं ती दुर्बिणीच्या खोलीत आहे. तिथे माणसाच्या पोटात दुर्बीण सोडतात आणि आतलं पडद्यावर बघतात. आतड्यात मांसाचा नको तो कोंब दिसला, तर दुर्बिणीतून तारेचा बारीक फास पुढे जातो. फास कोंबाभोवती टाकतात डॉक्टर. आवळते हळूताई, कारण फासाची मूठ तिच्या हातात असते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिला पुन्हा सांगायला लावलं होतं. एवढ्याशा कोंबाला दोन माणसं लागतात.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. मी चोवीसची, ती चौपन्नची. ओळख जिन्यात झाली. मैत्री कधी झाली ते दोघींनाही आठवत नाही. तिच्या घरात जिथे तिथे पेनाच्या रेघा आहेत. गॅसच्या बटणावर, दुधाच्या पातेल्यावर, खिडकीच्या चौकटीवर. खिडकी त्या रेघेपर्यंत उघडली की वारा येतो, पण कागद उडत नाहीत.

"एक दिवस माझ्या कपाळावर पण ओढेल," तिची सासू मला म्हणाली. "इथवरच बोलायचं म्हणून."

"ओढली होती आई. पुसली गेली वाटतं," हळूताई आतून म्हणाली.

ही सवय कामावरची. फास वापरण्याआधी ती तो बाहेरच पूर्ण आवळून बघते. मूठ जिथे थांबते तिथे पेनाने खूण करते. मग पोटात मूठ खुणेच्या किंचित अलीकडे अडली, तर फासात नुसता कोंब आहे. फारच अलीकडे अडली, तर कोंबाबरोबर आतड्याची भिंतही आली आहे. तेव्हा कापलं तर भोक पडू शकतं. पडद्यावर हे नेहमी दिसतंच असं नाही. हाताला कळतं, आणि हाताला कळलेलं तोंडाने सांगावं लागतं.

जुन्या डॉक्टरांना ती सांगायची. ते म्हणायचे, "आवळ." ती म्हणायची, "आवळतेय. हळू. हळू. अडलं." तिथूनच ते नाव पडलं. मग ते निवृत्त झाले. नवे आले ते तरुण, हुशार, घड्याळावर नजर ठेवून काम करणारे.

"मी पडदा बघतोय ना?" एकदा ते तिला म्हणाले. "पुन्हा मधे बोललात तर दुर्बिणी धुवायला पाठवीन."

हे तिने मला जिन्यात बसून सांगितलं. बूट काढून बाजूला ठेवले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तीन आठवडे तोंडाला कुलूप."

"आणि धुवायला पाठवलं तर?"

"दिवसभर एकटीने नळ्या घासायच्या. तिथे बोलायला कोण आहे गं? भिंतीला हळू म्हणू?"

मी हसले नाही. पुढच्या मंगळवारी त्या टेबलावर मीच झोपणार होते. माझे बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले. म्हणून मला लवकर तपासायचं ठरलं होतं.

"तुम्ही असाल ना खोलीत?"

"असेन की."

"आणि वेळ आली तर बोलाल?"

ती बुटाची नाडी सोडवत बसली. ती आधीच सुटलेली होती.

मंगळवारी मला डाव्या कुशीवर वळवलं. हाताच्या शिरेतून काहीतरी थंड वर चढलं आणि खोली हळूहळू पाण्याखाली गेली. पडद्यावर एक गुलाबी बोगदा होता. मी त्यातून चालत होते. भिंती ओल्या होत्या, उजेड माझ्याच हातात होता. पुढच्या वळणावर बाबांच्या चपला वाजत होत्या. मी हाक मारली नाही. ते थांबतील असं वाटत होतं.

"हा बघा कोंब," कुणीतरी फार वरून म्हणालं. "फास द्या."

चपला थांबल्या.

"आवळा."

मग काहीच ऐकू आलं नाही. एक यंत्र टिकटिक करत होतं. बोगदा किंचित आक्रसला. बाबा मागे वळून माझ्याकडे बघत होते.

"हळू."

मला वाटलं, जिन्यातून आवाज आला.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"थांबा डॉक्टर. मूठ खुणेच्या बोटभर अलीकडे अडलीय. भिंत आलीय आत."

"पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय."

"दिसणार नाही. हाताला लागतंय."

टिक. टिक. टिक. मी नऊ मोजले.

"उघडा," डॉक्टर म्हणाले.

"उघडला."

"मी जरा मागे येतो. आता आवळा. सांगत राहा."

"आवळतेय. हळू. हळू. अडलं. आता खुणेच्या अगदी जवळ."

"कापू?"

"कापा."

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण हात फार लांब होते. बाबा वळणावरून पुढे निघून गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही.

जागी झाले तेव्हा ती उशाशी उभी होती.

"भोक पडलं?"

"नाही पडलं. झोप."

"तुम्हाला धुवायला पाठवलं?"

"अजून तरी नाही. हातमोजे काढून गेले, एक अक्षर बोलले नाहीत."

"भीती नाही वाटली?"

तिने माझं पांघरूण सरळ केलं. "वाटली ना. पण हात पुढे जाईना. तू असो किंवा दुसरं कुणी, नसताच गेला."

आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेले. कोंब साधा निघाला होता. हे तिला सांगायला दुर्बिणीच्या खोलीपाशी आले. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टर खिडकीशी उभे होते. पेनाचं टोपण दातांत, फासाची मूठ उजेडात धरलेली. त्यांनी एक रेघ ओढली आणि मूठ तिच्यापुढे केली.

"बरोबर?"

हळूताईने चष्मा वर सरकवला. बराच वेळ बघितलं.

"पूर्ण आवळायच्या आतच ओढलीत. पुसा."

डॉक्टरांनी टोपण दातांतून काढलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. रेघ पुसली. फास उघडला आणि पुन्हा आवळायला लागले.

"हळू," ती म्हणाली.

मी रिपोर्टचं पाकीट हातात धरून दारातच थांबले.